म्हशी बाहेर काढल्या, गवत आत शिरलं

आपल्या दुष्काळी पट्ट्यात कुठल्याही तळ्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "पाखरं वाचवायची असतील तर पहिली गुरं बंद करा." दुसरं, "पाखरांसाठी आमची जनावरं उपाशी मारणार का?" पहिलं वाक्य बहुतेक वेळा कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाचं असतं, दुसरं काठी घेऊन उभ्या असलेल्याचं. दोघंही तावातावानं बोलतात, फोटो निघतात, आणि तळं आहे तसंच राहतं.

या भांडणाचा निकाल आपल्या देशात एकदा लागून गेलेला आहे. त्यासाठी गोळीबार झाला, माणसं मेली, दहा वर्षं अभ्यास झाला, अहवाल आला. तो निकाल काय होता हे सांगायला ही पोस्ट लिहितोय. मोठी आहे, सवडीनं वाचा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी विषय आपल्याच बांधावर येतो.

भरतपूर आपल्याला परकं नाही

जागा आहे राजस्थानातलं भरतपूर. मराठी माणसाला हे नाव इतिहासातून माहीत असतं. 1754 साली भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले आणि अहिल्याबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यानंतर सातच वर्षांनी, 1761 च्या जानेवारीत, पानिपतावरून जीव वाचवून उघडे-नागडे, उपाशी परतणारे मराठे याच भरतपूरच्या मुलखात आले, आणि ज्याच्याशी काल-परवा लढाई झाली होती त्या सूरजमल जाटानं त्यांना अन्न, कपडे आणि आसरा दिला. ही ओळख आपण विसरू नये.

त्याच सूरजमलच्या काळात, अठराव्या शतकात, भरतपूरजवळ अजान बांध घातला गेला. मुलूख तसा कोरडा. पाऊस पडतो तो चार महिने, बाकी वर्षभर धूळ. पण शहराच्या बाजूला जमीन बशीसारखी खोलगट आणि गंभीरी, बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी तिकडं धाव घ्यायचं. बांधामुळं ते पाणी अडवता आणि हवं तसं सोडता येऊ लागलं. खोलगट भागात पाणी साचायचं, हिवाळाभर टिकायचं, उन्हाळ्यात आटायचं. आटलं की तळाशी हिरवं गवत, आणि त्या गवतावर आसपासच्या गावांची गुरं. या भागात केवलादेव महादेवाचं देऊळ आहे आणि दाट झाडी म्हणून लोक त्याला 'घना' म्हणतात. त्यावरून आजचं नाव पडलं केवलादेव घना.

म्हणजे लक्षात घ्या, जगप्रसिद्ध झालेलं हे पक्ष्यांचं तळं देवानं दिलेलं नाही. माणसानं बांध घालून, दारं उघडून आणि बंद करून ते केलेलं आहे. पाणलोटाच्या कामावर उन्हात राबलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

बंदुकांचं राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरतपूर संस्थानाचा कारभार पाहणारे मोरवीचे राजपुत्र हरभामजी यांनी विलायतेतली बदकांची शिकार पाहिली होती. तशी जागा इथं करता येईल, असं त्यांच्या मनात आलं. मग छोटे छोटे बंधारे झाले, पाण्याला दारं बसली, कालवे निघाले. 1902 साली लॉर्ड कर्झनसाठी मोठी शिकार झाली, आणि पुढं व्हाइसरॉय आला की भरतपूरला बदकं मारायला जायचं, असा शिरस्ताच पडला.

केवलादेवाच्या देवळाजवळ आजही एक दगडी पाटी आहे. तिच्यावर कोणत्या तारखेला, कोणाच्या मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी मारले याचा हिशेब कोरलेला आहे. सगळ्यात मोठा आकडा 12 नोव्हेंबर 1938 चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे, आणि एका दिवसात 4,273 पक्षी.

आता गंमत बघा. इतकी कत्तल होऊनही पुढच्या हिवाळ्यात पक्षी परत यायचे. बंदुकांमुळं पक्षी वाढतात असं मी म्हणत नाही. पण पाणी वेळेवर येत होतं, उथळ काठ शाबूत होता, गवत वर्षाच्या वर्षाला चरून साफ होत होतं. राहायची जागा टिकली म्हणून पाहुणे येत राहिले.

स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की राजाच्या शिकारीसाठी अडवलेलं हे पाणी शेतीला द्या, तळं आटवा आणि जमीन वाटून टाका. भुकेच्या काळातली मागणी होती, तिला चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही. तेव्हा सलीम अली मध्ये पडले. त्यांनी हा विषय थेट पंडित नेहरूंपर्यंत नेला आणि तळं वाचलं. 1956 साली पक्षी अभयारण्य झालं. तरी राजघराण्याचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत चालूच होता, हेही सांगितलं पाहिजे. राजाची बंदूक अभयारण्यात सोळा वर्षं चालली. गावकऱ्याच्या म्हशीचं पुढं काय झालं ते आता ऐका.

1982 चा नोव्हेंबर

1981 साली भारतानं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत पहिल्या दोन जागा घातल्या. एक ओडिशातलं चिलिका, दुसरं केवलादेव. त्याच सुमारास केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वाचताना वाटतं, नाव बदललं, पाटी बदलली, बाकी काय? पण इथंच सगळी मेख आहे.

1972 च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभयारण्यात चराई नियंत्रित करता येते, म्हणजे किती जनावरं, कुठं, कधी हे ठरवून परवानगी देता येते. राष्ट्रीय उद्यानात मात्र पाळीव जनावराला चराई नाही म्हणजे नाहीच. अधिकाऱ्याच्या मर्जीचा तिथं प्रश्नच येत नाही, कलमच तसं आहे.

सलीम अलींसह त्या काळातल्या बहुतेक पक्षीतज्ज्ञांचं मतही तेच होतं. गुरं गवत खातात, घरटी तुडवतात, झाडांची रोपं वाढू देत नाहीत, तेव्हा त्यांना बाहेर काढलं तर पक्ष्यांचं भलं होईल. ऐकायला बरोबर वाटतं. उद्यानाभोवती भिंत होती, 1982 च्या नोव्हेंबरात दारं बंद झाली. आजूबाजूच्या गावांना पर्यायी कुरण दिलेलं नव्हतं, चारा दिलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या जिथं म्हशी जात होत्या तिथून त्या एका हुकमानं बाहेर. लोक जमले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि त्यात गावकरी मारले गेले.

पक्षी वाचवण्यासाठी माणसं मारली गेली, असं वाक्य लिहिताना पत्रकार म्हणून बोटं थांबतात. पण घडलं ते हेच.

मुंबईच्या संस्थेचा अहवाल

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही 1883 साली मुंबईत स्थापन झालेली संस्था, आणि सलीम अलींचं सगळं आयुष्य तिच्याशी जोडलेलं. या संस्थेनं 1980 पासून केवलादेवमध्ये दीर्घ अभ्यास सुरू केला होता. प्रमुख होते डॉ. व्ही. एस. विजयन. पाणी, मासे, वनस्पती, पक्षी, सगळ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या गेल्या. योगायोग असा की बंदीच्या आधीची स्थिती आणि बंदीनंतरची स्थिती, दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर घडल्या. निसर्गाच्या अभ्यासात अशी संधी क्वचितच मिळते.

1991 साली अंतिम अहवाल आला. त्यानं सांगितलं ते सगळ्यांच्या अपेक्षेच्या उलट होतं. गुरं गेल्यावर पासपालम नावाचं पाणगवत मोकाट वाढलं. हे गवत काठावर रुजतं, पेराला मुळं फोडत पाण्यावर पसरतं आणि बघता बघता तळं झाकून टाकतं. आधी म्हशी पोटापर्यंत पाण्यात शिरून ते खायच्या. आता खाणारं कोणी नाही. बदकांना उतरायला आणि पोहायला मोकळं पाणी लागतं, तेच कमी होत गेलं. गवत कुजून तळाशी साचू लागलं, उथळ पाणी आणखी उथळ झालं. मजुरांकडून आणि यंत्रांनी गवत काढायचे प्रयत्न झाले, पण जे काम म्हशी फुकट आणि रोजच्या रोज करत होत्या ते पैसे खर्चूनही उरकेना.

अहवालाचा निष्कर्ष असा की चराईबंदीनं पाणपक्ष्यांच्या अधिवासाचं नुकसान झालं, आणि मर्यादित प्रमाणात म्हशी परत आत येऊ द्याव्यात. ज्या संस्थेतून बंदीच्या बाजूनं आवाज उठला होता तिच्याच शास्त्रज्ञांनी हे लिहिलं, ही मोठी गोष्ट आहे. आपल्या माणसांचं मत खोटं ठरवणारा पुरावा जसाच्या तसा छापायला छाती लागते. सलीम अली मात्र तो वाचायला नव्हते, 1987 साली ते गेले.

त्याआधीच, 1990 साली, केवलादेवचं नाव रामसरच्या धोक्यातल्या जागांच्या यादीत गेलं होतं. कारणं दिली होती ती पाण्याची टंचाई आणि चराईचा बिघडलेला मेळ. आणि जोडीला या पाणगवताचा उल्लेख होता.

मग म्हशी परत गेल्या का? नाही. राष्ट्रीय उद्यानाचं कलम आडवं होतं. गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा मिळाली, पण चराईचं दार उघडलं नाही. शास्त्रज्ञांचं मत बदलायला दहा वर्षं लागली, कायद्याचं मत बदललंच नाही.

पांढरे क्रौंच

भरतपूरचं नाव जगात झालं ते एका पक्ष्यामुळं. सैबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, तांबड्या तोंडाचा, माणसाच्या छातीला येईल एवढा उंच. पश्चिम सैबेरियातून पाच हजारांहून जास्त किलोमीटर उडत, अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून ते भरतपूरला यायचे. 1960 च्या दशकात दोनशेच्या आसपास मोजले गेले होते. नंतर वर्षागणिक आकडा घसरत गेला, आणि 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला सैबेरियन क्रौंच आलेले नाहीत. जगात आज जे उरलेत ते जवळजवळ सगळे हिवाळ्यात चीनमधल्या पोयांग तळ्यावर जातात.

याचं खापर एकट्या चराईबंदीवर फोडणं अन्यायाचं होईल. वाटेत शिकार होत होती, अफगाणिस्तानात युद्ध होतं, मुळात कळपच लहान झाला होता. पण उद्यानाला लागून असलेल्या अघापूर गावच्या लोकांचा एक तर्क होता, तो ऐकण्यासारखा आहे. क्रौंच पाण्याखालच्या चिखलातले कंद उकरून खातात. पूर्वी गुरांच्या खुरांनी जमीन भुसभुशीत राहायची आणि मुळं वर यायची. गुरं बंद झाल्यावर जमीन घट्ट झाली, गवताच्या मुळांचं जाळं झालं आणि क्रौंचांना कंद मिळणं अवघड झालं. हा तर्क खरा की खोटा, ते तपासून बघायला हवं होतं. आपले माधव गाडगीळ हे उदाहरण देत आले ते याचसाठी. त्यांचं म्हणणं असं की रोज तिथं वावरणाऱ्या माणसाचं निरीक्षण हेही ज्ञान आहे, ते नोंदवा, तपासा, आणि मग काय ते ठरवा.

पाण्याचं भांडण

गवताचं निस्तरेपर्यंत पाण्याचं सुरू झालं. गंभीरी नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. वरच्या शेतकऱ्यांनी म्हटलं, पाणी आमचं. खालच्या शेतकऱ्यांनी म्हटलं, आमचं. पाखरांच्या बाजूनं बोलायला मतदार नव्हता. केवलादेवला वर्षाला साधारण 550 दशलक्ष घनफूट पाणी लागतं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशी वर्षं आली की तळं कोरडं ठणठणीत पडलं, आणि कोरड्या जमिनीवर वेडी बाभूळ माजली. शेवटी गोवर्धन ड्रेनमधून पुराचं पाणी पाइपलाइननं आणावं लागलं.

या वाईट काळात एक चांगली गोष्ट घडली. वेडी बाभूळ मुळासकट काढायचं काम आसपासच्या गावकऱ्यांना दिलं, मोबदला म्हणून लाकूड त्यांनी न्यायचं. लोकांनी मोठा पट्टा साफ केला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गावांवर गोळी चालली त्यांच्याच हातांनी उद्यान सावरलं. दार बंद केल्यावर भांडण होतं आणि काम वाटून दिल्यावर राखण होते, याचा याहून सरळ पुरावा कुठला?

आता आपल्या बांधावर

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणून ओळखलं जातं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा झाला. मागं गाळ साचला, उथळ पाणी झालं, पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं, 2020 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणून जाहीर झाली. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात तेही माणसानं अडवलेल्या पाण्यावरच. म्हणजे आपल्याकडची बहुतेक पाखरांची तळी ही पाटबंधाऱ्याची लेकरं आहेत. त्यांना 'आहे तसं सोडून द्या' हा उपाय लागू पडत नाही. आणि तिथं दर्जा अभयारण्याचाच आहे, म्हणजे गुराख्यांशी बोलून नियम ठरवायची वाट अजून कायद्यात उघडी आहे. ती वापरायची की नाही हे आपल्या हातात आहे.

दुसरं उदाहरण कोरड्या माळाचं. 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. गावं, बाजारपेठा, शेतं, सगळं आत. पुढं जमिनीचा व्यवहार असो की रस्ता, अभयारण्याचं नाव आडवं येऊ लागलं आणि माळढोक हा शब्द लोकांना शिवीसारखा वाटू लागला. अनेक वर्षांनी ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तोवर पाणी आलं, ऊस आला, माळ फुटला. आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. धनगराच्या मेंढरांबरोबर ज्या माळावर तो पक्षी शेकडो वर्षं राहिला, तो माळ मेंढरांनी संपवलेला नाही. नांगरानं, प्लॉटिंगनं आणि 'पडीक जमीन' या सरकारी शब्दानं संपवला.

गुरं मोकाट सोडा असं याचं भाषांतर कोणी करू नये. विणीच्या दिवसांत काठावर मेंढरं घुसली तर शेकाट्याची, टिटवीची अंडी तुडवली जातात. चारशे जनावरांच्या जागेत चार हजार घातली तर काहीच उरत नाही. भरतपूरच्या अहवालानंही 'मर्यादित' हाच शब्द वापरला. प्रश्न किती, कुठं आणि कोणत्या महिन्यात, एवढाच आहे. हे गणित मुंबईत बसून सुटत नाही आणि पारावर भांडूनही सुटत नाही.

सध्या गाळ काढायची कामं जोरात आहेत. गाळ काढावा, शेताला टाकावा, चांगलंच आहे. पण पोकलेन लावून काठ सरळ उभा कापला की उथळ चिखलाची पट्टी जाते. चित्रबलाक, शेकाटे, तुतारी हे सगळे त्या वीतभर पाण्यात पोट भरतात. एका बाजूचा उतार तसाच ठेवला तर पाणीसाठा काही फार घटत नाही, आणि जनावरांनाही पाण्यावर उतरायला वाट राहते. हे कंत्राटदाराला आधी सांगावं लागतं, नंतर सांगून उपयोग नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, निदान कागदावर आहे. तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत आपल्या तळ्यावर कोणता पक्षी कधी येतो, कुठं अंडी घालतो, कुठली गुरं कोणत्या महिन्यात कुठं चरतात, कोणतं गवत वाढलंय आणि कोणतं संपलंय, हे लिहायचं. सांगणार कोण? मास्तर, मासेमारी करणारे भोई, मेंढपाळ, आणि पक्षी बघणारी पोरंसुद्धा. भरतपूरला ही वही बंदीच्या आधी भरली गेली असती तर कदाचित त्या नोव्हेंबरात गोळी चाललीच नसती.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपली वही आहे का, असेल तर दाखवा. आत काय लिहिलंय ते वाचा आणि इथं कमेंटमध्ये टाका. कोरी निघाली तरी टाका. आणि आपल्या तळ्यावर यंदा काय उतरलंय, कोणती जनावरं कुठवर जातात, हेही लिहा. वही भरायला सुरुवात इथूनच करू.